नेपच्यूनला उशिरा कळतं

लिफ्टकाकांना कोणी "कसं काय?" विचारलं की ते "ठीक" म्हणत. अशा वेळी चार लोक खोटं बोलतात आणि वेळ मारून नेतात. काकांची पंचाईत अशी की ते खरं बोलत होते. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांना खरोखरच ठीक वाटत होतं. भूक लागत नव्हती, पण पुढ्यात आलेलं ते खात. झोप येत नव्हती, पण दिवा मालवून वेळेवर आडवे होत. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचाच वाटतो, तसं त्यांचं आतून झालं होतं.

आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. बायको गेली तेव्हासुद्धा. दवाखान्यात ती शेवटचा श्वास घेऊन मोकळी झाली, नर्सने चादर वर ओढली, आणि तेवढ्यात बाहेर ओरडा झाला की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत चाकाच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ आहेत. काका उठले. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले, हाताने ब्रेक सोडून लिफ्ट मजल्याला लावली, खाली येऊन साबणाने हात धुतले. मग सह्या केल्या, नातेवाइकांना फोन केले, पाहुण्यांच्या गाद्यांचा हिशेब केला. त्या सगळ्यात त्यांच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही. लोक म्हणाले, खंबीर माणूस आहे.

लेक असं म्हणाली नाही. सगळे पाहुणे गेल्यावर, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, आई आत होती आणि तुम्ही लिफ्ट दुरुस्त करत होतात."

"अगं, माणूस अडकला होता."

"मी एकटी बसले होते तिथे."

काकांनी पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळायला घेतल्या. ती दुसऱ्या गावी आपल्या घरी गेली. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येई. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, पाणी येतंय का. बापलेकीत भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. इथे भांडणसुद्धा नव्हतं. आईचं नाव दोघंही काढत नव्हती, आणि काकांना एवढं कळत होतं की ही पोर हळूहळू हातची जातेय. ते कळत होतं, पण त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही याचीच त्यांना अधूनमधून काळजी वाटे, म्हणजे काळजी वाटायला हवी असं वाटे.

शाळेत शिकवायला जाण्याची कल्पनाही लेकीचीच. काकांना तरुणपणापासून आकाशाचा नाद. लिफ्टचं मशीन इमारतीच्या डोक्यावर असतं, त्यामुळे नोकरीत निम्म्या रात्री गच्च्यांवर गेल्या, आणि वर बघायची सवय लागली. बायको चिडवायची, "तुमच्या त्या गुरूला एकदा जेवायला तरी बोलवा. मी तरी बघते, माझ्यापेक्षा त्याच्यात काय आहे ते." लेकीने जवळच्या शाळेत परस्पर नाव देऊन टाकलं. दर शनिवारी सकाळी पाचवीच्या वर्गाला खगोलशास्त्र शिकवायचं, फुकट. काकांनी होकार दिला, कारण नकार द्यायचा तर चार वाक्यं बोलावी लागली असती.

आता शिकवायला म्हणाल तर त्यांनी मन लावून शिकवलं. जे करायचं ते नीट करायचं, हा त्यांच्या हातांचा स्वभाव होता. मनाला विचारायची गरज नव्हती. सूर्याकडे थेट बघायचं नाही, म्हणून त्यांनी दुर्बिणीतून त्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं आणि त्याच्यावरचे डाग दाखवले. पोरं ओरडली, सूर्याला गोवर झालाय! भर दिवसा चंद्र दिसतो हे दाखवलं, तर एकाने घरी जाऊन आजीशी पैज लावली आणि जिंकली. एका मुलीने चित्र काढून दिलं: चंद्रापर्यंत जाणारी लिफ्ट, आत टक्कल असलेले काका आणि बटणांवर लिहिलेलं, तळमजला, ढग, चंद्र. काकांनी ते फ्रिजवर चिकटवलं. चिकटवताना कोपरे नीट दाबले. त्यापलीकडे काही झालं नाही. दार उघडताना रोज ते चित्र दिसे आणि रोज ते दूध काढून दार लावत.

शेवटी त्यांनी वर्गशिक्षिकेला सांगून टाकलं, हा शनिवार शेवटचा. पोरांना असा मास्तर हवा की ज्याला त्यांच्याइतकी मजा येते. बाई चांगल्या होत्या. "बघा, विचार करा," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या दिवसासाठी काकांनी सूर्यमाला मांडायची ठरवली, वर्गात नाही, रस्त्यावर. सूर्य म्हणजे खेळातला एक लाल चेंडू. त्या मापाने पृथ्वी मोहरीएवढी होते, मंगळ खसखशीएवढा, गुरू गोटीएवढा, आणि नेपच्यून एक काळं मिरं. अंतरंही त्याच मापात. सूर्य शाळेच्या पायरीवर ठेवला तर पृथ्वी फाटकाच्या अलीकडेच राहते, पण गुरू जातो पार टपालपेटीपाशी, शनी सायकलच्या दुकानासमोर, युरेनस रस्त्याच्या वळणावर. नेपच्यून वळणाच्याही पलीकडे, लाँड्रीच्या दारात. काकांनी आदल्या दिवशी जाऊन फुटपाथवर खडूने खुणा केल्या होत्या आणि लाँड्रीवाल्या बाईंना सांगून ठेवलं होतं की उद्या तुमच्या दारात एक ग्रह उभा राहील, सांभाळा.

प्रत्येक दाणा त्यांनी पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवून खाली नाव लिहिलं, नाहीतर पोरांनी अर्धी सूर्यमाला शिंकून उडवली असती. आणि एक फळी आणली होती, आठ खिळे ठोकलेली. ती शिस्त त्यांच्या धंद्यातली. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरणारा प्रत्येक माणूस दारातल्या खिळ्यावरचा आपला पत्र्याचा बिल्ला खिशात घालून आत जाई आणि बाहेर आला की परत अडकवी. एक जरी खिळा रिकामा असला तरी लिफ्ट सुरू करायची नाही, मग वर मंत्री खोळंबलेला असो. इतक्या वर्षांत काकांच्या हाताखालचा एकही माणूस आत राहिला नव्हता.

"जाताना कार्ड काढून न्यायचं, येताना अडकवायचं," त्यांनी सांगितलं. "खिळे भरले की आपण मोकळे."

ज्यांच्या वाट्याला ग्रह आला नाही ती सगळी पोरं लघुग्रह झाली आणि मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये नुसता धुडगूस घालू लागली. नेपच्यून आला पणपणच्या वाट्याला. ही मुलगी कुठलंही वाक्य "पण" म्हटल्याशिवाय सुरू करत नसे, म्हणून वर्गाने तिचं हे नाव ठेवलं होतं. आणि एक होता वकील. हा बुटका मुलगा तीन आठवडे प्लूटोची बाजू लढवत होता. आज तो घरूनच कार्ड घेऊन आला होता. त्यावर मिठाचा एक कण, खाली ठसठशीत अक्षरात "प्लूटो".

"अरे, त्याला ग्रहांतून काढलंय," काका म्हणाले.

"काढलं म्हणून तो तिथून गेला का?" वकिलाने विचारलं.

काकांना वाद घालायचा नव्हता. "असू दे. पण तुझी जागा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे येते, तिकडे जायचं नाही. तू फाटकातच उभा राहा."

मग त्यांनी खेळ समजावला. सूर्याजवळचा मुलगा रुमाल हलवील तो प्रकाश सुटला असं समजायचं. पृथ्वीने आठ मिनिटं थांबून हात वर करायचा, कारण प्रकाशाला तेवढा वेळ लागतो. गुरूला पाऊण तास. "लांबच्यांनी एवढं थांबायचं नाही. मी गुरूला हाक मारीन, गुरू शनीला, शनी युरेनसला, युरेनस वळणावरून नेपच्यूनला. हाक आली की परत यायचं."

"पण काका," पणपण म्हणाली, "नेपच्यूनला खरा किती वेळ लागतो?"

"चार तासांच्या वर."

"पण मग समजा, आत्ता सूर्य विझला तर?"

"तर नेपच्यूनवर चार तास ऊन पडतच राहील. त्याला कळणारच नाही."

"पण मग तोवर तो काय करेल?"

"काय करणार? रोजच्यासारखा फिरत राहील," काका म्हणाले आणि तिला कार्ड दिलं.

ती मिरं सांभाळत वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

पृथ्वीने हात वर केला तेव्हा टाळ्या पडल्या. मंगळाने घाईघाईत आधीच केला आणि त्यावरून भांडण जुंपलं. गुरूला मुळातच धीर नव्हता. तो हाकेची वाट न बघता निघाला, त्याला बघून शनी, शनीला बघून युरेनस, आणि युरेनसला वाटलं की हाक मारायची राहिली तर राहिली, नेपच्यूनला कळेलच की. तोवर घंटा झाली. लघुग्रह दप्तरं घेऊन दाही दिशांना पांगले. कार्डं फळीवर अडकली. वकिलाने आपलं कार्ड हातात घेऊन फळी बघितली, एक खिळा रिकामा दिसला, आणि त्याला अतोनात आनंद झाला. त्याने प्लूटो तिथे अडकवला आणि घरी पळाला.

काकांनी फळीकडे पाहिलं. आठ खिळे, आठ कार्डं. त्यांनी फळी पिशवीत घातली, बाईंना "झालं" म्हणून सांगितलं आणि घरी आले.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. असे ते रोजच बसत. समोर भिंत, भिंतीवर काही नाही. जेवणाची वेळ टळून गेली, उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायापर्यंत आला. शेवटचा वर्ग झाला. त्याचंही काही वाटलं नाही. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी फळी काढली आणि एकेक कार्ड उतरवून रिकामं करायला घेतलं. दाणा नखाने सोडवायचा, कार्ड बाजूला ठेवायचं. बुध. शुक्र. पृथ्वी. शेवटच्या खिळ्यावरच्या कार्डाला नख लावलं तर दाणाच सापडेना. त्यांनी चष्मा लावला. मिठाचा कण.

"प्लूटो," त्यांनी वाचलं.

आधी त्यांनी पिशवी उलटी केली. मग खाली बसून टेबलाखाली बघितलं. मिरं कुठेच नव्हतं. त्यांनी टेबल धरलं. पोरगी तिथेच उभी आहे. खिळा रिकामा होता आणि आपण लिफ्ट सुरू केली.

चपला उलटसुलट घालून ते निघाले. शाळेला कुलूप होतं. फाटकापासून फुटपाथवर त्यांच्याच खडूच्या खुणा: पृथ्वी, मंगळ. टपालपेटीपाशी गुरू. काका धावत होते. या वयात कोणी धावू नये, आणि टकले, पोट सुटलेले, वाकड्या चपलेचे गृहस्थ धावताना बरे दिसतही नाहीत. सायकलच्या दुकानवाल्याने "काय झालं हो?" असं ओरडून विचारलं. शनीपाशी त्यांना धाप लागली, युरेनसपाशी छातीत कळ आली. भीती वाटत होती. पोरीचं काय झालं असेल याची भीती, नुसती, नागडी, आणि तिच्यापुढे दुसरं काहीही नव्हतं. कित्येक महिन्यांत त्यांना काही वाटलं ते हे.

वळण संपलं. लाँड्रीच्या दारात एका उंच स्टुलावर पणपण बसली होती. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात अर्धं केळं.

"हे बघा, आले तुमचे सर," लाँड्रीवाल्या बाई आतून इस्त्री आपटत म्हणाल्या. "अहो, काही लाजबिज? ऊन किती आहे! घरी जा म्हटलं तर जाईना, आत ये म्हटलं तर येईना. म्हणे, जागा सोडायची नाही. फोन करू म्हटलं तर म्हणे, आई कामावर आहे, किल्ली माझ्याकडेच असते. मी सारखं बाहेर येऊन बघतेय."

ते पायरीवरच बसले.

"पण काका, तुम्ही लवकर आलात," पणपण म्हणाली. तिने मागे वळून लाँड्रीतलं घड्याळ बघितलं. "अजून चार तास झाले नाहीत."

"तू... हाकेची वाट बघत होतीस ना?"

"हाक नाही आली. मग मला वाटलं, खरंखुरंच करायचं असेल." तिने कार्ड पुढे केलं. मिरं जागेवर होतं. "पण मी विचार करत होते. तो चार तास फिरत राहतो आणि त्याला वाटतं सगळं ठीकच आहे. पण मग कळल्यावर तो काय करतो?"

काकांनी कार्ड हातात घेतलं. ते त्या मिऱ्याकडे बघत राहिले. लाँड्रीवाल्या बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

त्यांनी पणपणला घरी नेलं आणि तिची आई येईपर्यंत जिन्यात बसून राहिले. आई आली. काकांनी जे घडलं ते सगळं सांगितलं, त्यात गुरूला, युरेनसला किंवा वकिलाला मध्ये आणलं नाही. आईने हातातली पिशवी खाली टाकून आधी पोरीला जवळ घेतलं, मग काकांना फैलावर घेतलं. "एवढे वयस्कर तुम्ही! पोरं मोजून घेता येत नाहीत? तिला काही झालं असतं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं होतं मी?" शेजारचं दार उघडलं, बंद झालं. काका मान खाली घालून ऐकत होते. एकेक शब्द लागत होता. पूर्वी लोकांनी सांत्वन केलं, धीर दिला, पाठीवर हात ठेवले; त्यातलं काही आतपर्यंत गेलं नव्हतं. हे गेलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी खिळे मोजले. पोरं मोजायला हवी होती."

आईला त्यातलं काय कळलं कोणास ठाऊक, पण ती जरा निवळली. आईच्या मागून पणपणने डोकं काढलं. "पण पुढच्या शनिवारी मी पृथ्वी होणार. जवळची."

काकांनी तोंड उघडलं. पुढचा शनिवार नाही, हे सांगायचं होतं.

"पुढच्या शनिवारी मी स्वतः येऊन उभी राहणार आहे," आई म्हणाली. "बघते कसं मोजता ते."

"या," काका म्हणाले.

घरी परत आले तेव्हा संध्याकाळ होत होती. त्यांनी नेपच्यूनचं कार्ड टेबलावर ठेवलं. त्याच टेबलाशी, पलीकडच्या खुर्चीत, बायको बसायची. भाजी निवडता निवडता बोलायची आणि यांनी ऐकलं नाही की देठ फेकून मारायची. खुर्चीवर तिने शिवलेली उशी होती, मध्ये बसून बसून खोलगट झालेली. वर्षभर ती उशी तिथेच होती. काकांनी तिच्याकडे आज पाहिलं.

शनिवार होता. फोनचा वार उद्याचा. त्यांनी तरीही लेकीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

काकांना सांगायचं होतं की आज एक पोरगी रस्त्यात विसरलो. सांगायचं होतं की त्या दिवशी तुलाही तिथे तशीच बसवून गेलो. पण जे बाहेर आलं ते वेगळंच होतं.

"अगं," ते म्हणाले, "तुझी आई गेली गं."

मग काकांनी स्वतःचाच आवाज ऐकला, मोठा, ओबडधोबड, हुंदक्यांनी फाटलेला, आणि तो थांबवायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं.

"हो, बाबा," लेक म्हणाली. तीही रडत होती. "रडा तुम्ही. मी आहे फोनवर."